मानसिक आजार असलेल्या स्त्रीला घरातल्या हिंसेबद्दल कसं विचारायचं? परिचारिकांचे नेहमीचे प्रश्न

बरीच वर्षं मनोविकार ओपीडीत आणि स्त्रियांच्या वॉर्डात काढली. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इथल्या सिस्टर, एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) आणि आशाताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रशिक्षणाच्या दिवशी चिठ्ठीवर येतात, बरेचसे नाइट ड्युटी उतरल्यावर फोनवर. प्रश्नांची भाषा विचारणारीचीच ठेवली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे काम आमचं कसं? समाजसेवा अधीक्षक आहेत, डॉक्टर आहेत.

कारण बाईला हात तुम्ही लावता. बीपी घेताना दंडावरचे बोटांचे वळ तुम्हाला दिसतात, इंजेक्शन देताना कंबरेवरचा जुना डाग दिसतो. डॉक्टरांसमोर ती चार-पाच मिनिटं बसते, त्यातही बोलतो नवरा. समाजसेवा अधीक्षकांकडे (रुग्णालयातले समाजसेवक) ती पोचते ती कोणीतरी पाठवली तरच, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा सिस्टरच असते. समुपदेशन करणं किंवा खटला उभा करणं तुमच्यावर नाही. विचारायचं, ऐकायचं, नोंद करायची आणि योग्य माणसापर्यंत पोचवायचं, एवढं तुमच्याकडे आहे.

२. घरगुती हिंसा म्हणजे मारहाणच ना?

नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही छळ हिंसेत धरतो. पण आपल्याकडे येणाऱ्या बायकांच्या बाबतीत छळाला आजाराचीच हत्यारं मिळतात, आणि ती कुठल्याही छापील फॉर्मवर नसतात. गोळ्या कुलपात ठेवणं. उलट, गप्प पडून राहावी म्हणून जास्त गोळ्या देणं. 'तू वेडी आहेस, तुझं कोण ऐकणार' हे रोज ऐकवणं. मुलांना तिच्याजवळ जाऊ न देणं. तिच्या नावावर येणारं अनुदान परस्पर काढून घेणं. आणि आपल्या गावाच्या नावाची ती धमकी: 'ठाण्याला पाठवीन.' १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि मराठी घरांत गावाचं नावच धाकाचा शब्द होऊन बसलं आहे. ठाण्यातच राहणारी बाईसुद्धा हे वाक्य ऐकून थरथरते, हे मी पाहिलं आहे. ते नुसतं टोमणा म्हणून सोडून देऊ नका.

३. प्रत्येकीला विचारायचं, की संशय आला तरच?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सरसकट प्रत्येक ओपीडीत प्रत्येक बाईला विचारा असं सांगत नाहीत. हिंसेमुळे होऊ शकणारी किंवा चिघळू शकणारी तक्रार समोर असेल तेव्हा विचारा, असं सांगतात. नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करणं, आत्महत्येचा प्रयत्न या तक्रारी त्यात येतात. आता मनोविकार ओपीडीच्या रांगेकडे पाहा, तिथे यातलं काही नसलेली बाई क्वचितच सापडेल. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्य संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही मानसिक आरोग्य सेवेत प्रशिक्षित माणसाने नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून हे विचारावं असं म्हटलं आहे. म्हणून माझं उत्तर: आपल्या विभागात प्रत्येकीला.

संशय आला तरच विचारायचं ठरवलं, की आपण गरीब, झोपडपट्टीतल्या, दारुड्याच्या बायकोलाच विचारतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमधून गाडीने आलेली बाई सुटते.

तीन गोष्टी हाताशी नसतील तर मात्र विचारू नका: एकांत, विचारण्याचं थोडं प्रशिक्षण, आणि 'हो' आलं तर पुढे कुठे पाठवायचं याची माहिती. नुसता रकाना भरायला विचारलेला प्रश्न बाईचं नुकसान करतो.

४. नवरा किंवा सासू बाजूलाच उभी असते. तिला एकटं कसं गाठायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. एक नियम पक्का: दोन वर्षांपेक्षा मोठं कोणीही सोबत असताना हा विषय काढायचा नाही. नवरा नाही, आई नाही, 'मला सगळं माहीत आहे' म्हणणारी नणंद तर नाहीच. पाच वर्षांचं पोर संध्याकाळी घरी सगळं जसंच्या तसं सांगतं.

रोजच्या कामातून वाट निघते. 'वजन करायचंय, आत चला.' 'ईसीजीला फक्त पेशंट.' 'इंजेक्शन रूममध्ये नातेवाईक चालत नाहीत.' त्याच वेळी दुसरी सिस्टर नवऱ्याला केसपेपरवर शिक्का मारायला किंवा औषधाच्या खिडकीवर पाठवते. आमच्याकडे पुढे भिंतीवर पाटीच लावली होती: 'प्रत्येक रुग्णाची तपासणी प्रथम एकट्याने होईल.' पाटी आल्यावर वाद थांबले, कारण नियम सगळ्यांना एकच होता.

मोबाइल विसरू नका. फोन चालू ठेवून तिला आत पाठवणारे नवरे मी पाहिले आहेत. 'मशीनला त्रास होतो, मोबाइल बाहेर ठेवा' एवढं पुरतं. पडद्याला एकांत समजू नका, पडद्यापलीकडे सगळं ऐकू जातं.

तिची भाषा तुम्हाला येत नसेल तर नातेवाइकाला मध्ये घेऊ नका, स्टाफमधली ती भाषा बोलणारी बाई बोलवा. एकांत मिळालाच नाही तर त्या दिवशी सोडा, पुढची तारीख लवकरची द्या आणि आपसात ठरलेली खूण करून ठेवा.

५. नेमकं काय बोलू? शब्दच सुचत नाहीत.

'तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?' असं विचारलंत तर दहापैकी नऊ जणी नाही म्हणतील. हे शब्द त्यांचे नाहीत. त्या म्हणतात 'त्रास आहे', 'घरात जमत नाही', 'हात उचलतात', 'अंगावर धावून येतात'. आपणही तसंच बोलावं.

सुरुवात अशी करते: 'इथे येणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही हे विचारतो, तुम्हाला एकटीला नाही. तुम्ही सांगाल ते मी घरच्यांना सांगणार नाही. तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र डॉक्टरांशी बोलावं लागेल, आणि ते तुम्हाला सांगूनच.' मग: घरात कोणाची भीती वाटते का? कोणी हात उचलतं का? औषधं कोणाकडे असतात, वेळेवर मिळतात का? जेवण पोटभर मिळतं का? तुमचं आधार कार्ड, पैसे, मोबाइल तुमच्याकडे आहे का? मनात नसताना जबरदस्ती होते का? हा शेवटचा प्रश्न हळू आवाजात, पण चुकवायचा नाही.

'हिट्स' नावाची छोटी प्रश्नावली काही ठिकाणी वापरतात. चार प्रश्न (मारणं, अपमान, धमकी, ओरडणं), प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज १० च्या वर गेली तर पुढे चौकशी. सोपी आहे, पण जबरदस्ती, पैसा आणि औषधं त्यात नाहीत, म्हणून तिच्यावर थांबू नका.

'तुम्ही काय केलंत म्हणून मारलं?' हा प्रश्न कधीही नाही. 'सहन का करता?' हाही नाही.

६. तिला संशयाचा आजार आहे, भास होतात. ती सांगते ते खरं कशावरून?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. भ्रम आणि मार एकाच घरात, एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतात. एकीमुळे दुसरी गोष्ट खोटी ठरत नाही.

एक बाई सांगायची की शेजारी टीव्हीतून तिच्याशी बोलतात, आणि सासू तिला जेवायला देत नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात यायची, आणि आम्ही दोन्ही एकाच रकान्यात लिहायचो. एके दिवशी मी जुने केसपेपर समोर ओळीने मांडले: वजन ५२, मग ४८, मग ४४. टीव्ही तिचा आजार होता, भूक खरी होती. ते आकडे माझ्याच अक्षरातले होते, म्हणून आजही बोचतं.

तेव्हा खरं-खोटं ठरवायला बसू नका, तो तुमचा प्रांत नाही. ठोस विचारा: कधी, कुठे, कोणी, कशाने, मग काय झालं. अंगावर पाहा, वजन पाहा, औषधाची पातळी पाहा. लिथियम या मनोविकारावरच्या औषधाचीच गोष्ट घ्या. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ च्या दरम्यान लागते. आमच्याकडे एकीची सतत ०.२ यायची. नवरा म्हणायचा 'ही गोळ्या थुंकते', आणि डोस वाढत गेला. वजनाच्या खोलीत एकटी असताना ती म्हणाली, 'डबा कपाटावर असतो, किल्ली त्यांच्याकडे.'

आजाराचा जोर असताना सांगितलेलं बाजूला सारू नका, तसंच लिहून ठेवा आणि बरं वाटायला लागल्यावर पुन्हा विचारा. खातरजमा करायला नवऱ्याला 'ती असं म्हणते, खरं का?' विचारणं ही धोक्याची चूक. घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते.

७. खुणा स्पष्ट आहेत, तरी ती 'काही नाही, पडले' म्हणते.

मान्य करा, दरवाजा उघडा ठेवा. 'बरं. कधी बोलावंसं वाटलं तर मी सोमवारी-गुरुवारी इथेच असते.' पुढच्या भेटीला पुन्हा विचारा, आणि त्याच्या पुढच्याही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. पण हिंसा सोसलेल्यांत मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. एका भेटीत कबुली मिळाली नाही म्हणजे तुम्ही चुकलात असं नाही. जखमेचं वर्णन मात्र लिहाच (प्रश्न १०).

८. ती 'हो' म्हणाली. आता?

आधी ऐका. मग एवढं बोला: 'सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही.' 'बाई, प्रत्येक घरात होतं' हे वाक्य तोंडाशी आलं तरी गिळा.

मग धोका पाहा. मार वाढत चाललाय का? जिवे मारीन, जाळीन म्हणतो का? सुरा, कोयता, रॉकेल असं काही उगारलंय का? गळा दाबलाय का? गरोदर आहे का? आज घरी जायला भीती वाटते का? आणि तिच्या स्वतःच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का? यातलं काही 'हो' आलं तर तिला एकटीला परत पाठवू नका, डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षकांना त्याच वेळी बोलवा.

तातडी नसेल तर तिच्याबरोबर ठरवा: रात्री पळायची वेळ आली तर कोणाकडे, आधार कार्ड आणि गोळ्यांची एक पट्टी कुठे ठेवायची, मुलांना काय सांगायचं. गोळ्यांची पट्टी विसरू नका, घर सुटून औषध तुटलं की आजार उलटू शकतो. नंबर पाठ करून घ्या: ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन, १५१०० मोफत कायदेशीर मदत, १४४१६ टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन). छापील पत्रक हातात देऊ नका, पर्स तपासली जाते.

९. गळा दाबला म्हणते, पण मानेवर काहीच दिसत नाही.

खूण नसणं इथे काहीच सिद्ध करत नाही. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, काही क्षण शुद्ध हरपली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का, हे विचारा आणि कॅज्युअल्टीत पाठवा. सूज काही तासांनीही वाढते. गळा दाबणाऱ्या नवऱ्याच्या हातून पुढे खून होण्याची शक्यता कितीतरी वाढते. ही तक्रार 'घबराटीचा झटका' म्हणून लिहिली जाताना मी पाहिली आहे.

१०. नोंद कुठे आणि कशी करायची?

तिचे शब्द अवतरणात. 'नवऱ्याने काल रात्री पट्ट्याने मारलं' असं म्हणाली तर तसंच, सोबत तारीख, वेळ, मारणाऱ्याचं नातं. जखमेची जागा, लांबी, रंग. 'रुग्णाचा आरोप आहे' असं लिहू नका, 'रुग्णाने सांगितलं' लिहा. भ्रमाची लक्षणं वेगळ्या परिच्छेदात.

आणि हे सगळं हॉस्पिटलकडे राहणाऱ्या नोंदीत. घरी जाणाऱ्या फायलीत एक अक्षरही नको. तरुणपणी मी केसपेपरवर सरळ 'पती मारहाण करतात' लिहून तो तिच्या हातात दिला होता. फाइल नवऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली. नंतर ती अडीच महिने आली नाही, आली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. तेव्हापासून कागद कोणाच्या पिशवीत जाणार ते आधी पाहते, मग लिहिते.

हिंसाचार कायद्याखालच्या नियमांत 'घरगुती घटना अहवाल' असा नमुना आहे. तो आधी भरलेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) पाठवायचा असतो. अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तिच्या तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत द्यावी लागते. प्रत आज न्यायची की आपल्याकडे ठेवायची, हे तिलाच विचारा.

११. पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे का?

सज्ञान बाईच्या बाबतीत तक्रार करायची की नाही हे तिनं ठरवायचं. एमएलसीचा (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) निर्णय डॉक्टरांचा, पण एमएलसी झाली म्हणजे तिला तक्रार द्यावीच लागते असं नाही, हे तिला समजावून सांगा.

अपवाद आहेत. १८ वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सोखाली (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारक आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात रुग्णालयाने मोफत उपचार करून पोलिसांना कळवायचं असतं, मात्र उपचार पोलिसांसाठी थांबवता येत नाहीत. तिसरा अपवाद फार थोड्यांना माहीत असतो: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०१. ज्याच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी आहे तोच मानसिक रुग्णाला छळत किंवा टाकून देत असेल, तर हे माहीत असलेल्या व्यक्तीने पोलीस ठाण्याला कळवायचं आणि पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना. कळवण्याआधी डॉक्टरांशी बोला, बाईला सांगा, ती सुरक्षित कुठे असेल ते ठरवा. कळवून तिला त्याच रात्री त्याच खोलीत परत पाठवणं घातक आहे.

'माझ्यावरच केस झाली तर?' हिंसाचार कायद्याचं कलम ४ सद्‍भावनेने माहिती देणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदारीतून संरक्षण देतं.

१२. नवराच तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी आहे. त्याला सगळं सांगावं लागेल?

सगळं नाही. प्रतिनिधी म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदत करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नेमलेली व्यक्ती. त्याला त्याचं काम करायला लागेल एवढीच माहिती द्यायची असते. तिनं त्याच्याचविरुद्ध सांगितलेली गोष्ट त्यात बसत नाही. प्रतिनिधी नेमलेला असेल तर ती तो कधीही बदलू शकते, साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने. बहीण, मैत्रीण, कोणीही विश्वासाची सज्ञान व्यक्ती चालते. बऱ्याचदा नवरा नेमलेला नसतोच, तो फक्त सोबत आलेला असतो आणि आपणच त्याला प्रतिनिधी धरून चालतो. कागद तपासा.

१३. मानसिक रुग्ण बाईची तक्रार कोर्टात टिकते का?

आजाराचं निदान झालं म्हणून कोणी 'विकृत मनाची' ठरत नाही, ते न्यायालयच ठरवू शकतं. २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे आहे. हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा मागता येतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरा आणि सासरच्यांच्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येतो, आधीचं ४९८-अ तेच. वकील परवडत नाही म्हणून थांबायला नको: विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तुमची नीट केलेली नोंद (प्रश्न १०) तिथे तिचा मोठा आधार असते.

१४. मारणारा भाऊ आहे. लग्न झालेलं नाही. हिंसाचाराचा कायदा लागू होतो?

होतो. आई, बहीण, मुलगी, लग्नाशिवाय सोबत राहणारी, सगळ्या येतात. सासू किंवा नणंदेविरुद्धही अर्ज चालतो, 'सज्ञान पुरुष' ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकली. आपल्या वॉर्डात भावाकडे राहणाऱ्या बायका पुष्कळ असतात, आणि आईवडील गेल्यावर खोलीच्या हिश्श्यावरून त्यांचा छळ सुरू होतो.

१५. नवरा म्हणतो तीच मारते. अंगावर ओरखडे दाखवतो.

खरं असू शकतं. आजाराच्या भरात ती अंगावर गेली असेल, किंवा सुटायला ओरबाडलं असेल. दोघांना वेगवेगळं विचारा. कोण कोणाला घाबरतं, पैसा आणि किल्ली कोणाकडे आहे, यावरून चित्र कळतं. नवऱ्यालाही उपचार आणि आधार हवा असेल तर द्या, पण त्या बदल्यात तिचा प्रश्न रद्द करू नका.

१६. ती वॉर्डात बरी झाली. घरी धोका आहे, निवारागृह 'मानसिक रुग्ण घेत नाही' म्हणतं.

हा प्रश्न वाचून दर वेळी जीव तुटतो. फक्त घर नाही म्हणून तिला वॉर्डात ठेवून घेता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे घरच्यांनी टाकलेल्या रुग्णाला सरकारने आधार, कायदेशीर मदत आणि कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क मिळवून द्यायचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. दाखल झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच समाजसेवा अधीक्षकांना कळवा. वन स्टॉप सेंटरमधला (हिंसा सोसलेल्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो, तेवढ्यात माहेर किंवा निवारा शोधायचा. निवारागृहाने तोंडी नकार दिला तर लेखी मागा. डॉक्टरांचं 'स्थिर आहे, औषधं चालू आहेत' असं पत्र आणि महिन्याच्या गोळ्या सोबत दिल्या की बऱ्याच जागी दार उघडतं.

१७. बाई खारघरची, आमचं हॉस्पिटल वाशीला. संरक्षण अधिकारी कोणता?

इथे फार गोंधळ होतो. दिघा ते बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच. म्हणजे पोलीस ओळखीचे, संरक्षण अधिकारी मात्र रायगडचा. ती सध्या कळव्याला माहेरी राहत असेल तर अर्ज ठाण्यातही करता येतो, तात्पुरता मुक्काम कायद्याला चालतो.

१८. आम्ही आशाताई घरी जातो. एकच खोली, सगळे बसलेले.

घरात विचारू नका. लसीकरणाच्या दिवशी, नळावर, अंगणवाडीत भेट होते तेव्हा बोला, किंवा 'बीपी तपासायला केंद्रात ये' म्हणा. एकट्याने मध्ये पडू नका. तुम्ही त्याच वस्तीत राहता.

१९. मी स्वतः यातून जाते आहे. मी दुसरीला कशी विचारू?

हा प्रश्न बहुतेक वेळा नाव न घालता येतो. काही जणी म्हणतात, विचारताना हात कापतात. त्या दिवसांत प्रश्न विचारण्याचं काम दुसऱ्या सिस्टरला द्या, इन्चार्जना कारण सांगण्याची गरज नाही. तुमच्याच हॉस्पिटलमध्ये बोलणं नको वाटत असेल तर १८१ वर बोला, तिथे हुद्दा सांगावा लागत नाही. प्रश्न ८ मधली कागद आणि गोळ्यांची तयारी तुमच्यासाठीही तीच आहे, फक्त तुमच्याकडे एक जास्त आहे: ड्युटीचा लॉकर. आधार कार्ड तिथे ठेवा.